सहावं काडतूस

१

एमेट लिंडक्विस्ट गुरुवारी दुपारी गेला. शुक्रवारी सकाळी मी डोनटच्या दुकानात कॉफी घ्यायला थांबलो, तेव्हा खुनी कोण हे अख्ख्या दुकानाला माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त मला, आणि त्याच कामाचा पगार मी घेत होतो.

आमचं टॅमरॅक शिकागोच्या उत्तरेला, जेमतेम बारा हजार वस्तीचं. ब्याऐंशी सालच्या त्या ऑक्टोबरात गावातल्या प्रत्येक हिरवळीवर एक पाटी होती, ‘पिस्तुलं घराबाहेर काढा’ तरी, नाहीतर ‘माझं घर, माझा हक्क’ तरी. सोमवारी संध्याकाळी गावच्या मंडळातले सात जण ठरावावर मत देणार होते. ठराव पास झाला तर कुणालाही घरात पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर ठेवता येणार नव्हतं. ते आमच्या ठाण्यात जमा करायचं, नाहीतर गावाबाहेर पाठवायचं. वीस वर्षं एकमेकांच्या शिड्या मागून नेणारी माणसं त्या महिन्यात रस्त्यात भेटली की नजर चुकवायची.

एमेट काही कुणाचा पुढारी नव्हता. एकाहत्तर वर्षांचा, रेल्वेच्या कारखान्यातून निवृत्त झालेला सरळ माणूस. मंडळाच्या आदल्या बैठकीत तो एकदाच उठला आणि म्हणाला, “माझ्या आजोबांचं रिव्हॉल्व्हर पन्नास वर्षं माझ्याकडे आहे. त्यानं कुणाला ओरखडा उठलेला नाही. कुणी हुकूम सोडला म्हणून मी ते देणार नाही.”

तेव्हा त्याचा शेजारी लिओनार्ड कोसिक उठला. लिओनार्डचं औषधांचं दुकान आहे. ठराव आणला तो त्यानंच. तीन वर्षांपूर्वी त्याची एकोणीस वर्षांची लेक नीना मैत्रिणीकडे गेली होती. मैत्रिणीचे वडील पिस्तूल रिकामं आहे असं समजून पुसत होते. नीना परत आलीच नाही. एमेट आणि लिओनार्ड वीस वर्षं रोज संध्याकाळी आठ वाजता पत्त्यांचा, क्रिबेजचा डाव मांडायचे. नीना गेल्यावर लिओनार्डला रोज हाताला धरून डावाला बसवणारा एमेटच होता. तोच लिओनार्ड भर सभेत किंचाळला, “एकदा तुझ्या घरात होऊ दे, एमेट! मग कळेल!”

त्याला दोन आठवडेही झाले नव्हते.

एमेट गॅरेजच्या सिमेंटवर पडला होता. गोळी बरगडीखालून शिरून वर खांद्याकडे गेली होती. रिव्हॉल्व्हर कामाच्या बाकाखाली सापडलं. शर्टावर बंदुकीची दारू जळल्याची खूण नव्हती, म्हणजे गोळी लांबून आली होती. त्यानं स्वतःवर झाडून घेतली असं म्हणायला जागाच नव्हती. त्याची बायको व्हर्ना त्या वेळी चर्चच्या स्वयंपाकघरात होती. टपाल वाटणाऱ्या बाईंनी तीन वाजता लिओनार्डला त्या गॅरेजमधून पळत बाहेर पडताना पाहिलं होतं. रुग्णवाहिका मागवणारा फोनही त्याच्याच घरून आला होता, नाव न सांगता.

“सोमवारी सकाळी मी कोसिकवर खुनाचा आरोप ठेवतोय,” सरकारी वकील मला म्हणाले. “तुझ्याकडे त्याआधी काही असलं तर आण, स्टॅन व्होटावा. नसलं तर स्वस्थ बस.”

२

लिओनार्ड कोठडीत बाकाच्या अगदी कडेला बसला होता, डॉक्टरकडे नंबर लावून बसतात तसा. त्याच्या दुकानातून मी लहानपणापासून खोकल्याचं औषध नेत आलो होतो.

“लिओनार्ड, तू तिथे कशाला गेला होतास?”

“एमेटनं फोन केला होता.”

“काय म्हणाला?”

त्यानं समोरचा कॉफीचा पेला उचलला.

“अरे, गाव तुला फासावर चढवायला निघालंय. निदान हा पेला तरी भिंतीवर आपट.”

“कॉफी फारच वाईट आहे,” तो म्हणाला आणि पेला खाली ठेवला. “व्हर्ना कशी आहे?”

“कशी असणार?”

“तिला काही सांगू नकोस. मी काय बोललो, तो काय बोलला, काहीच नको.”

“तू मारलंस का त्याला?”

“हो,” लिओनार्ड म्हणाला. “पण मी गेलो तेव्हा तो मेलेला होता, स्टॅन.”

मी आणखी विचारायला लागलो तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून आडवा झाला.

३

होमर बिटनरचं हार्डवेअरचं दुकान म्हणजे ठरावाच्या विरोधकांचा अड्डा. होमर नेमबाजी क्लबचा अध्यक्ष. ठराव आल्यापासून त्याचं वजन वाढलं होतं, आणि एमेट गेल्यावर आणखीच वाढलं. दुकानाच्या काचेवर त्यानं एमेटचा फोटो लावला होता, खाली काळी फीत. मेलेला माणूस सभेला जिवंत माणसापेक्षा जास्त उपयोगी पडतो, हे होमरला कळत असणार. माझ्या संशयितांच्या यादीत तोही होता.

“गुरुवारी तीन वाजता कुठे होतास?”

“इथेच. बारा गिऱ्हाइकं साक्षीला आहेत, त्यातला एक तुझा साहेब. बिजागऱ्या घ्यायला आला होता.” होमर गल्ल्यावर रेलला. “पाटी लावली म्हणून मी काय माणूस मारीन? एमेटबरोबर चाळीस वर्षं हरणं मारलीत मी.”

मी त्याच्यापुढे फोटो टाकले. त्यात एक रिव्हॉल्व्हरचा होता, शेजारी सहा काडतुसं मांडलेली. एक उडालेलं, पाच भरलेली. होमरनं चष्मा कपाळावरून खाली घेतला.

“हे एमेटचं नाही.”

“त्याचंच आहे. मुठीवर त्याच्या आजोबांचं नाव आहे.”

“रिव्हॉल्व्हर त्याचंच. भरलंय दुसऱ्या कुणीतरी.” त्यानं सहाव्या काडतुसावर बोट ठेवलं. “एमेट पाच भरायचा. पन्नास वर्षं, दर वेळी पाच.”

“काडतुसांची घरं तर सहा आहेत.”

“तुझ्या कमरेला जे लटकतंय ते नवं आहे, स्टॅन. ते हातातून पडलं तरी उडत नाही. जुन्या बनावटीचं तसं नसतं. त्याचा घोडा थेट काडतुसावर टेकतो. घोड्यावर ठोसा बसला की चाप न ओढता बार. म्हणून घोड्याखालचं घर रिकामं ठेवायचं. हे आम्हाला आमच्या बापांनी शिकवलं, त्यांना त्यांच्या बापांनी. एमेट तर क्लबात पोरांना दुसरं काही शिकवायचाच नाही.”

मी सोळा वर्षं कमरेला सहा काडतुसं लावून हिंडत होतो. ही सहा दोन दिवस माझ्या टेबलावर पडलेली होती आणि मला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं.

४

ठाण्यात येऊन मी काडतुसं पुन्हा बघितली, या वेळी डोळे उघडून. एमेट आपली काडतुसं आजोबांच्या चामडी पट्ट्यात खोचून ठेवायचा. चामड्यातलं पितळ हिरवट पडतं. उडालेलं काडतूस हिरवट होतं. भरलेल्या पाचांतली चार हिरवट होती. एक मात्र नवं कोरं, चकचकीत होतं.

होमरला फोन लावला. या मापाची नवी खोकी गेल्या महिन्यात कुणी नेली?

“एकच गेलं. मंगळवारी. डेलनं नेलं.”

डेल हा एमेटचा पुतण्या. गोदामावर पहारेकरी, स्वतःची दोन पिस्तुलं, आणि काकाच्या रिव्हॉल्व्हरवर कित्येक वर्षांपासून डोळा. नाताळात त्यावरून भर जेवणात भांडण झालेलं सगळ्या घराला ठाऊक होतं. मी त्याच्या दारात उभा राहिलो तेव्हा तो अंत्यविधीसाठी बुटांना पॉलिश करत होता.

“रिव्हॉल्व्हर आता तुझं, नाही का?” मी म्हणालो.

“असं बोलायला लाज नाही वाटत?”

“मंगळवारी काडतुसं घेतलीस. तुझी दोन्ही पिस्तुलं वेगळ्या मापाची आहेत.”

त्यानं बूट खाली ठेवला. “गुरुवारी मी गोदामावर होतो, हजेरीचं कार्ड बघ. काकाच्या रिव्हॉल्व्हरला मी हात लावलेला नाही. तो लावूच द्यायचा नाही.”

“मग खोकं कुणासाठी?”

डेलचे डोळे भरून आले. रागानं की दुःखानं, मला सांगता येणार नाही.

“काकूनं मागवलं होतं,” तो म्हणाला. “काकाला सांगू नकोस म्हणाली.”

५

व्हर्नाच्या स्वयंपाकघरात ओट्यावर शेजाऱ्यापाजाऱ्यांनी आणलेली भांडी होती. बटाट्यांची, नूडल्सची, हॅमची. एकालाही हात लागलेला नव्हता. तिनं मला रविवारच्या शाळेत बायबल शिकवलं होतं, त्यामुळे तिच्यासमोर मी अजून सरळ बसतो.

“खा काहीतरी, स्टॅन. मला एकटीला हे संपायचं नाही.”

“मिसेस लिंडक्विस्ट, काडतुसं कशाला मागवलीत?”

ती जराही दचकली नाही. उलट कुणीतरी विचारलं याचं तिला बरं वाटल्यासारखं दिसलं.

“फोन येत होते रे. त्या सभेनंतर. रोज संध्याकाळी आठच्या सुमारास. मी उचलला की पलीकडे कुणी बोलायचं नाही. नुसता श्वास. मग ठेवून द्यायचे. चार संध्याकाळी लागोपाठ. एमेटला सांगितलं असतं तर तो हसला असता. त्याला ऐकूही कमी यायचं, फोन मीच घ्यायची. मला वाटलं, आमच्यावर कुणीतरी उठलंय. डेलला खोकं आणायला सांगितलं.”

“आणि?”

“बुधवारी एमेट दाढी करायला गेला होता. मी गॅरेजमध्ये जाऊन रिव्हॉल्व्हर बघितलं. आमच्या लग्नाच्या वर्षी त्यानं मला उघडायचं शिकवलं होतं, तेवढं आठवत होतं.” तिचा आवाज एकदम हळवा झाला. “हल्ली त्याला विसर पडायला लागला होता. चष्मा विसरायचा, गॅस विसरायचा. मी बघते तर काय, एक घर रिकामंच! आणि त्याला सांगितलं असतं तर लागलं असतं त्याला. म्हणून गुपचूप एक घालून ठेवलं. म्हटलं, कुणी आलंच, तर एक कमी पडायला नको.”

मी समोरच्या कपातली कॉफी पिऊन टाकली. ती गार होती की गरम, आठवत नाही.

“काय रे?” ती म्हणाली. “असा का बघतोस?”

“काही नाही,” मी म्हणालो. “गॅरेजची किल्ली द्याल का जरा?”

६

गॅरेजमध्ये पहिल्या दिवशी मी खुनी शोधत होतो. म्हणून बाकावर काय आहे ते मी पाहिलं होतं आणि तरी पाहिलं नव्हतं.

बाकावर एक नवी लाकडी पेटी होती, आत फ्लॅनेलचं अस्तर, रिव्हॉल्व्हरच्या आकाराची खाच नीट कोरलेली. झाकणावर चिकटवायला लिहून ठेवलेला पत्ता एमेटच्या बहिणीचा होता. ती आयोवात राहते. पेटीच्या पलीकडे क्रिबेजचे गुण मोजायची पाटी होती, खुंट्या पहिल्या भोकांत खोचून ठेवलेल्या. दोन स्टुलं होती आणि दोन कप.

मी गुडघ्यावर बसून बॅटरीनं सिमेंट बघितलं. बाकासमोर एक ताजा पांढरा टवका उडाला होता. ठाण्यात परत येऊन रिव्हॉल्व्हरच्या घोड्यावरच्या बारीक रेघा भिंगाखाली धरल्या. त्यांत सिमेंटची राखाडी पूड रुतून बसली होती.

मग मी लिओनार्डच्या कोठडीत गेलो आणि दार उघडंच ठेवून त्याच्याशेजारी बसलो.

“एमेटनं स्वतःला मारून घेतलं असं तुला वाटतंय,” मी म्हणालो. “तुझ्या बोलण्यामुळे. व्हर्नाला ते कळू नये म्हणून तू खुनाचा आरोप अंगावर घ्यायला निघालास.”

त्याचा चेहरा आखडला. “फोनवर तो म्हणाला, ‘ये. रिव्हॉल्व्हरचं काय करायचं ते मी ठरवलंय. तू समोर असायला हवास.’ एवढंच. मी पोचलो तर...” त्यानं मान फिरवली. “तुझ्या घरात होऊ दे, असं मी म्हणालो होतो, स्टॅन. नीनाचा बाप असून.”

“तो ते आयोवाला बहिणीकडे पाठवणार होता. हुकमावरून देणार नव्हता, पण तुझ्या खिडकीसमोरून हलवणार होता. पेटी स्वतः केलीय त्यानं. आणि डाव मांडून ठेवला होता, दोघांचा.”

“दोघांचा?” लिओनार्ड म्हणाला.

“त्यानं म्यानातून रिव्हॉल्व्हर काढलं, रिकामं करून पेटीत ठेवायला. हात तेलकट होते, बोटं संधिवातानं वाकडी. ते निसटलं आणि घोड्यावर आपटलं. गोळी जमिनीवरून वर गेली. म्हणून ती तिरकी, म्हणून शर्टावर दारू जळल्याचा डाग नाही. कुणीही त्याला मारलेलं नाही. त्यानंही नाही.”

लिओनार्डनं तोंड हातांत घेतलं आणि हमसून हमसून रडला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून बसलो. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, “मला माफी मागायची होती रे. चार दिवस रोज फोन केला, आमच्या डावाच्या वेळेला. दर वेळी व्हर्ना उचलायची. मला शब्द फुटायचा नाही, मग ठेवून द्यायचो.”

माझा हात त्याच्या पाठीवर तसाच राहिला.

“काय झालं?” त्यानं विचारलं.

“काही नाही,” त्या दिवसात दुसऱ्यांदा मी म्हणालो.

७

अहवालात मी लिहिलं की मृतानं नजरचुकीनं सहाही घरं भरली, रिव्हॉल्व्हर हातातून पडलं आणि अपघात झाला. वाक्य सुटसुटीत होतं. सरकारी वकिलांना पटलं, रविवारी लिओनार्ड सुटला, आणि स्वयंपाकघरात बसलेल्या एका बाईला काही कळायचं कारण उरलं नाही. सोळा वर्षांत अहवालात खोटं लिहिलं ते पहिल्यांदाच, आणि त्या रात्री मला शांत झोप लागली.

सोमवारी सभा भरली. एका बाजूनं सांगितलं, बघा, इतका सांभाळून वागणारा माणूसही चुकला. दुसऱ्या बाजूनं सांगितलं, म्हातारपणी विसर पडला, त्यात रिव्हॉल्व्हरचा काय दोष? एमेटचं नाव त्या संध्याकाळी तीसेक वेळा तरी घेतलं गेलं आणि दर वेळी तो थोडा जास्तच वेंधळा ठरला. ठराव चार विरुद्ध तीन मतांनी पास झाला. व्हर्ना मागच्या रांगेत टोपी घालून बसली होती.

मंगळवारी सकाळी ती ठाण्यात आली. तीच टोपी, मांडीवर पर्स.

“तो अहवाल मला वाचायचाय.”

“कशाला उगाच...”

“दे इकडे, स्टॅन.”

तिनं दोन्ही पानं सावकाश वाचली. मग चष्मा काढला.

“सभेनंतर होमर भेटला. म्हणाला, एमेट असा चुकणं शक्यच नाही. पाचच्या वर त्यानं कधी भरलंच नाही.” ती क्षणभर थांबली. “विसरला नव्हता तो. नाही का?”

मी पानं परत घ्यायला हात पुढे केला, तिनं ती सोडली नाहीत.

“ते घर रिकामंच ठेवायचं होतं.”

“मिसेस लिंडक्विस्ट, ऐका. तुम्ही घातलेलं काडतूस उडालंच नाही. भरताना घरांचं चक्र फिरलं आणि घोड्याखाली दुसरं आलं. ते अजून भरलेलं आहे, पलीकडच्या खोलीत. मी स्वतः बघितलंय.”

“पण रिकामी जागा मी भरली.”

ती रडली नाही. पर्सची कडी उघडून मिटत राहिली.

“हे बदल,” शेवटी ती म्हणाली.

“त्याची गरज नाही. प्रकरण मिटलंय. तुमच्यावर कसलाही गुन्हा होत नाही, पण गावाच्या तोंडी...”

“माझी गरज कोण विचारतंय? एमेटची आहे. तो पन्नास वर्षं सांभाळून राहिला आणि काल अख्ख्या गावानं त्याला वेंधळा ठरवलं. मी तिथे बसून ऐकत होते.” तिनं पानं माझ्याकडे सरकवली. “माझं नाव लिही. पुरं लिही. व्हर्ना लिंडक्विस्ट. त्याच्या बायकोनं, त्याला न विचारता.”

मी टंकलेखन यंत्रात नवा कागद चढवला. ती सांगत गेली, मी लिहीत गेलो. बुधवारपर्यंत आल्यावर मी थांबलो. मागे जाऊन तिनं काडतुसं कशासाठी मागवली ते लिहावं लागणार होतं.

“ते फोन,” ती म्हणाली. “कुणाचे होते, लागला पत्ता?”

खिडकीतून रस्ता दिसत होता. लिओनार्ड त्याच्या गाडीशी उभा होता. तिला घेऊन तोच आला होता. तिचा कोट त्याच्या हातावर घडी घालून ठेवलेला होता, आणि तो ठाण्याच्या दाराकडे बघत होता.

“राँग नंबर असतील,” मी म्हणालो.

व्हर्नाही खिडकीतून त्याच्याकडे बघत होती.

“आठ वाजता,” ती स्वतःशीच म्हणाली. “आठ वाजता ते दोघं पत्ते खेळायचे.”

मी यंत्रावर बोटं ठेवून बसून राहिलो.

“राँग नंबर,” व्हर्ना म्हणाली, रविवारच्या शाळेत म्हणायची तशा स्पष्ट आवाजात. “तेवढं तसंच लिही, स्टॅन.”

तिनं सही केली, टोपी नीट केली आणि बाहेर गेली. लिओनार्डनं कोट उलगडून धरला. तिनं एक एक हात त्यात घातला, आणि गाडीत बसताना त्याच्या दंडाचा आधार घेतला.